खदिजेसाठी दहा मिनिटं

७ ऑक्टोबर २००१, रविवार
ॲन आर्बर

मालिनीकाकूंकडे मंडळाची मीटिंग झाली. संक्रांतीचं हळदीकुंकू आणि प्रजासत्ताक दिन यंदा एकाच शनिवारी, २६ जानेवारीला उरकायचे. कार्यक्रमाचं नाव 'तिच्या शब्दांत'. म्हणजे इतिहासातल्या थोर बायका, प्रत्येकीला दहा मिनिटं, संपूर्ण वेशभूषा, आणि पहिलं वाक्य 'मी अमुकतमुक बोलतेय'. शाळेच्या गॅदरिंगपासून आपल्याकडे हेच चालत आलंय आणि मला ते मनापासून आवडतं. जिजाऊ, सावित्रीबाई, आनंदीबाई पहिल्या पाच मिनिटांत संपल्या. अहिल्याबाईंसाठी दोघी जवळजवळ भांडल्या. पुण्यात कॉलेजला असताना मी इतक्या एकांकिका केल्यात, तर मला काहीतरी वेगळं नको का? आणि बसल्याबसल्या सुचलं. खदिजा! पैगंबरांची पहिली बायको, मक्केतली मोठी व्यापारी. ११ सप्टेंबरनंतरच्या या दिवसांत मुसलमानांबद्दल कुणीतरी दोन चांगले शब्द बोलायलाच हवेत. करायला आपली तहसीन आहेच.

काकूंनी "चालेल गं, व्हरायटी होईल" म्हणून नाव लिहून घेतलं. शेजारच्या खोलीत पुरुषमंडळी टीव्हीला चिकटली होती. अफगाणिस्तानावर बाँब पडायला लागले होते आणि इकडे आम्ही नऊवाऱ्या कुणाकडे आहेत ते मोजत होतो. कसंतरीच वाटलं.

घरी येऊन तहसीनला सांगितलं. ती माझी रूममेट, चिपळूणची परकार, बायोस्टॅटिस्टिक्स करते. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे माझ्या चुका काढते. भांडी घासता घासता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बघू." चला, एक काम झालं!

१३ ऑक्टोबर

आज भलतंच ऊन पडलं. कॅम्पसवर सगळे टी-शर्टात गवतावर लोळत होते आणि आमची बाई निळी लोकरीची टोपी कानांपर्यंत ओढून चालली होती. कोकणातल्या माणसाला थंडी बाधते हे मान्य, पण इतकी? मी म्हटलं, "जानेवारीत काय रजई पांघरून लॅबला जाणार आहेस?" हसली. घरात शिरल्यावर काढते टोपी, पण मंडळातला शंतनू पुस्तकं द्यायला आला तर लगेच परत चढवली. तो विचारत होता, "यार, हिला सायनस आहे का?"

बसनंही जात नाही हल्ली. अर्धा तास चालते. व्यायाम म्हणे.

१९ ऑक्टोबर

मालिनीकाकूंचा फोन. "टिकली लावून फिरत जा गं दोघी. लोकांना काय कळतंय कोण कुठलं ते. उगाच गैरसमज नको." काकूंनी पाकिटं पाठवली होती शंतनूबरोबर. मी एक लावली आणि विचार न करता दुसरं पाकीट तहसीनपुढे धरलं. धरल्यावर लक्षात आलं. तहसीननं पाकीट उघडलं, एक मोठी लाल टिकली काढली आणि फ्रिजच्या दारावर बरोब्बर मध्ये लावली. "फ्रिज तरी सेफ राहू दे," म्हणाली. आम्ही इतक्या हसलो की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छत ठोकलं.

नंतर मी पुष्कळ वेळ विचार करत बसले की ती खरंच हसत होती का. मी फार विचार करते, आई म्हणते तेच खरं.

२८ ऑक्टोबर

ग्रंथालयातून पुस्तकं आणलीत आणि असाइनमेंट सोडून तीच वाचतेय. काय बाई होती! विधवा, श्रीमंत, स्वतःचे तांडे सिरियापर्यंत पाठवणारी. एका सचोटीच्या तरुण माणसाला कामावर ठेवलं, त्याचं काम पाहिलं आणि मैत्रिणीकरवी स्वतःच लग्नाचं विचारलं. बहुतेक पुस्तकांत ती चाळिशीची, ते पंचविशीचे. आमच्या काकूंच्या भिशीत आज असं झालं तर वर्षभर विषय पुरेल.

पहिलं वाक्य लिहिलं. 'मी खदिजा बोलतेय, मक्केच्या बाजारात जिचा शब्द चालतो ती.' तहसीनला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हजरत खदिजा म्हण निदान." मी म्हटलं, अगं ती स्वतःच बोलतेय, स्वतःला कशी हजरत म्हणेल? ती उठून चहा ठेवायला गेली.

पण नंतर आपणहून एक गोष्ट सांगितली. पैगंबर हिराच्या गुहेतून खाली आले ते थरथर कापत. काय ऐकलं, काय पाहिलं, आपल्याला वेड लागलंय का, काहीच कळत नव्हतं. घरी येऊन एवढंच म्हणाले, मला पांघरूण घाला. "आणि त्यांनी घातलं. आधी घातलं. काय झालं ते नंतर," तहसीन म्हणाली. "मग म्हणाल्या, अल्ला तुम्हाला कधी उघडं पाडणार नाही. तुम्ही नाती जपता, दुसऱ्याचं ओझं उचलता, पाहुण्याला जेवू घालता." हे तिला तिच्या खालानं, म्हणजे मावशीनं, सांगितलेलं. खालाचं नावही खतिजा. चिपळूणच्या बाजारात सुक्या मासळीचा घाऊक धंदा आहे तिचा, काटा स्वतः धरते, आणि कुणी बाईमाणूस म्हणून भाव पाडायला गेलं की म्हणते, आमच्या पहिल्या आईनं उंट हाकलेत, तू मला सोडे विकायला शिकवतोस? मला हे सगळं इतकं आवडलं की डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं मी त्या दहा मिनिटांत बसवणार.

६ नोव्हेंबर

तहसीनच्या कोटावर सगळीकडे कोक. खांद्यापासून खालपर्यंत. सांडला म्हणाली. ही मुलगी आकड्यांमध्ये इतकी काटेकोर आणि बाकी इतकी वेंधळी! मी बाथटबमध्ये कोट भिजवून दिला. खांद्यावर कसा काय सांडला देव जाणे.

खालच्या पत्रपेटीवरची आमच्या नावांची चिठ्ठीही बदललीय तिनं. आता गिरिजा-तहसीनऐवजी नुसतं 'जी. टी.' दिसतं. विचारलं तर म्हणाली, चिठ्ठी लहान आहे ना.

२० नोव्हेंबर

तिचे रोजे सुरू झालेत. पहाटे उठते आणि मला जाग येऊ नये म्हणून अंधारात खाते. मी म्हटलं, लाव गं दिवा. तर म्हणाली, खिडकीतून दिसतो. कुणाला दिसतो आणि दिसला तर काय?

तालमीचं काढलं की टाळते. आधी रोजे, मग प्रोजेक्ट, मग घसा. मला आता धडकी भरायला लागलीय. काकूंना मी मोठ्या तोंडानं सांगून बसलेय. बहुतेक स्टेजची भीती आहे हिला. मलाही वाटायची सुरुवातीला. एकदा उजेडात उभं केलं की आपोआप जाते.

५ डिसेंबर

काकूंनी पोस्टरं छापली आणि काय सुंदर झालीत! प्रत्येकीचा फोटो. तहसीनचा फोटो मी दिला, गेल्या वर्षीच्या गणपतीतला, डोक्यावर मोतिया ओढणी, तिरकी मान, हसताना. खाली मराठी-इंग्रजीत 'तहसीन परकार: खदिजा'. पॅकार्ड रस्त्यावरच्या इंडियन दुकानात लावली, मंडळाच्या ई-मेलवर गेली, आणि एक मी आपल्याच कॉम्प्लेक्सच्या लाँड्री रूममध्ये लावलं. अमेरिकन लोकांनाही कळू दे. फोटो बघून तिची भीती जाईल असं वाटतंय.

७ डिसेंबर

तहसीन गेली. संध्याकाळी लाँड्रीला म्हणून खाली गेली ती रिकाम्या हातानं वर आली. पांढरीफटक.

"मला विचारलं होतंस?"

"अगं, ऑक्टोबरातच विचारलं. तू बघू म्हणालीस."

"बघू म्हणजे काय ते तुला कळत नाही? पुण्याची ना तू?"

मग म्हणाली, "त्यांना कुणी स्टेजवर उभं करत नाही, गिरिजा. आमच्यात त्यांचं चित्रही काढत नाहीत. मी ओढणी घेऊन 'मी खदिजा' म्हणायचं? खालाला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही. आणि खालाचं सोड, मलाच ते तोंडातून काढता येणार नाही." मी म्हटलं, मग आधी का नाही सांगितलंस. ती म्हणाली, "तू इतकी खूश होतीस. आणि सध्या माझ्या बाजूनं बोलणारी तू एकटीच होतीस. तुला नाही कसं म्हणायचं?"

मी काय करावं? मी बचाव केला. जिजाऊ चालतात, सावित्रीबाई चालतात, आपण आदरानंच करतोय, वगैरे. ती ऐकत होती आणि बॅग भरत होती. डिअरबॉर्नला तिची एक मैत्रीण आहे, तिच्याकडे जाते म्हणाली. कधी येणार विचारलं. या खेपेला बघूसुद्धा म्हणाली नाही.

८ डिसेंबर

सकाळी खाली गेले. वॉशिंग मशीनमध्ये तिचे कपडे तसेच, ओले. वर भिंतीवर पोस्टर. बाकीच्या सगळ्या बायका जशाच्या तशा आणि तिच्या चेहऱ्यावर पेनानं खोल गिरवलेलं, डोळ्यांच्या जागी कागद फाटलेला. खाली एक वाक्य. ते मी इथे लिहिणार नाही. लिहिणारा या बिल्डिंगमधलाच असणार. रोज दार धरून ठेवणारा, गुड मॉर्निंग म्हणणारा कुणीतरी.

हे पाहून ती वर आली होती आणि मला त्यातलं एक अक्षर बोलली नव्हती. मी मात्र तिला जिजाऊंचं उदाहरण देत होते.

शंतनूला बोलावलं. दिवसभर फिरून आम्ही सगळी पोस्टरं काढली. तो म्हणाला, "पुलीसला सांगू या का?" मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय नाही. निदान आता तरी विचारते. तिचे कपडे पुन्हा धुतले, वाळवले, घड्या घातल्या. जेवण गेलं नाही.

१० डिसेंबर

मालिनीकाकूंना फोन केला. त्या घाबरल्याच. "काढून टाकू तो आयटम. आपल्याला कशाला नसती रिस्क? मुलंबाळं असतात हॉलमध्ये. तू झाशीची राणी घे, माझ्याकडे तलवार आहे." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि मग मला माझाच राग आला. काकूंचा कमी, माझा जास्त, कारण पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. राणीला कोण काय बोलणार?

तहसीनचा फोन नाही. मी दोनदा केला. तिची मैत्रीण उचलते आणि ती नमाज पढतेय म्हणून सांगते. दोन्ही वेळा नमाज कशी असेल? असेलही. जिन्यात पाऊल वाजलं की माझे कान टवकारतात. मग वाटतं, तिचंच पाऊल आहे की दुसऱ्या कुणाचं? दाराची साखळी लावून ठेवायला लागलेय.

१६ डिसेंबर, रविवार

ईद. दुपारी दार वाजलं. तीच! टोपी, कोट, हातात मोठा डबा. "शीरखुर्मा आहे. निवायच्या आत खा," एवढंच म्हणून आत आली. मी रडायला लागले. ती म्हणाली, "आधी खा."

खाताना तिनं सांगितलं की खदिजा गेल्यानंतरही पैगंबरांच्या घरी बकरं कापलं की वाटे काढून खदिजेच्या मैत्रिणींकडे पाठवले जायचे. वर्षानुवर्षं. "हे आपल्याला सांगितलं कुणी माहीत आहे? हजरत आयेशांनी. त्या नंतरच्या बायको. त्यांनी खदिजांना कधी पाहिलंही नव्हतं आणि त्या स्वतःच कबूल करतात की मला कुणाचा एवढा मत्सर वाटला नाही जेवढा त्यांचा. तरी सांगितलं. पांघरुणाची गोष्टही त्यांच्याचकडून आलीय. त्यांनी सांगितलं नसतं तर खालाला काय कळणार होतं आणि मला काय?"

मी म्हटलं, काकूंशी बोलणं झालंय, आयटम रद्द.

ती डब्याचं झाकण उगाच उघडझाप करत राहिली. मग म्हणाली, "रद्द नको करूस. पण 'मी' म्हणू नकोस. तू ती होऊ नकोस, तिच्याबद्दल सांग. कुणाकडून ऐकलंस तेही सांग. आमच्यात असंच सांगतात. मी अमकीकडून ऐकलं, तिनं तमकीकडून."

"म्हणजे तुझं नाव घेऊ?"

"नाही." एकदम म्हणाली. "माझं नको. मैत्रीण म्हण."

लाँड्रीतल्या पोस्टरचं मी विचारलं. पोलिसांचंही विचारलं. नको म्हणाली. हे नको खरं आहे, बघूसारखं नाही, तेवढं मला आता कळतं.

१२ जानेवारी २००२

काकूंना पटवता पटवता नाकी नऊ आले. वेशभूषा नाही म्हटल्यावर तर, "मग लोकांना कळणार कसं गं?" शेवटी "घाल गोंधळ" म्हणून तयार झाल्या. तरी जाताना एक हिरवी जरीची ओढणी पिशवीत कोंबलीच. "निदान खांद्यावर तरी टाक."

मला झोप नीट लागत नाही. नाटकात मी कधी घाबरले नाही, कारण तिथे दुसऱ्या कुणाच्या तरी साडीत लपायला मिळायचं. इथे मी नुसती मीच. आणि हॉलमध्ये कुणी उठून काही बोललं तर? परवा एक काका ई-मेलवर विचारत होते की संक्रांतीला हा विषय कशासाठी. तहसीन कार्यक्रमाला येणार का, हे विचारायची हिंमत झालेली नाही.

२७ जानेवारी, रविवार सकाळ

सगळं क्रमानं लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

काल हॉल भरलेला. तिळगूळ, अत्तर, नऊवाऱ्यांची सळसळ. हीटर इतका तापवलेला की जिजाऊंचा मेकअप ओघळला. माझ्या आधी झाशीची राणी होती (काकूंनी तलवार वाया जाऊ दिली नाही), तिला जोरदार टाळ्या. मग मी, काळ्या सलवार-कमीजमध्ये, रिकाम्या हातांनी. शेवटच्या रांगेत दाराजवळ निळी टोपी दिसली.

मी म्हटलं, "ही मक्केतल्या खदिजाबीबींची गोष्ट. मी त्यांना पाहिलेलं नाही, मी त्यांच्या धर्माचीही नाही. मी ही माझ्या एका मैत्रिणीकडून ऐकली."

आणि थांबले. पुढचं वाक्य पाठ होतं, पण आठवेना. कुणीतरी खोकलं. तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी, तहसीन परकार," ती उभी राहून म्हणाली. आवाज बारीक, पण शब्द न् शब्द स्पष्ट. "मी माझ्या खाला खतिजा, चिपळूण, यांच्याकडून ऐकली. त्यांनी त्यांच्या आईकडून. असं मागे मागे जात ती हजरत आयेशांपर्यंत पोचते." आणि खाली बसली. दोनशे माना मागे वळलेल्या. ती समोर माझ्याकडे बघत होती, पुढे सांग म्हणून.

मग मी सांगितलं. तांडे, लग्नाचं विचारणं, गुहेतून उतरलेला भेदरलेला माणूस आणि काही न विचारता घातलेलं पांघरूण. नंतर मक्केनं वाळीत टाकलं तेव्हा त्या श्रीमंत बाईनं नवऱ्याबरोबर दरीत उपाशी काढलेले दिवस, आणि त्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच काळात आलेला मृत्यू. मैत्रिणींकडे जाणारे वाटे. खालाचा काटाही सांगितला, त्यावर बायका खळखळून हसल्या. टाळ्या राणीइतक्या नव्हत्या. पण जिजाऊ झालेल्या बाई डोळे पुसत होत्या आणि मालिनीकाकूंनी तहसीनला दोन वेळा हळदीकुंकवाचं वाण दिलं, चुकून की मुद्दाम ते माहीत नाही.

बाहेर पडलो तेव्हा पार अंधारलं होतं आणि वारा कापत होता. शंतनू गाडी आणायला गेला. माझी टोपी हॉलमध्येच राहिलेली, कान बधिर व्हायला लागले, म्हणून पिशवीतून काकूंची हिरवी ओढणी काढून डोक्यावरून घट्ट गुंडाळली. मी खूप खूश होते, बडबडत होते. एक पिकअप ट्रक हळू झाला. काच खाली आली. मला वाटलं कुणी पत्ता विचारतंय, म्हणून मी हसून पुढे झाले.

आतले जे ओरडले ते पोस्टरवरचंच होतं, जवळजवळ तेच शब्द. मोठा ग्लास येऊन माझ्या खांद्यावर आपटला. कोक, बर्फ, सगळं गळ्यापासून खालपर्यंत.

आणि मी काय केलं? मी ट्रकच्या मागे धावत ओरडले, "आय ॲम नॉट! आय ॲम नॉट मुस्लिम!" दोनदा. थोड्या वेळापूर्वी मी आत खदिजेची गोष्ट सांगत होते. ट्रक वळला, दिवे गेले, आणि मागे तहसीन उभी होती. तिनं ऐकलं होतं.

माझे दात वाजायला लागले. तिच्याकडे बघवेना. ती आली, मला कोपराला धरून भिंतीच्या आडोशाला घेतलं, भिजलेली ओढणी माझ्या डोक्यावरून सोडवली. मग तिनं स्वतःची निळी टोपी काढली, माझ्या डोक्यावर चढवली आणि दोन्ही कानांवर खाली ओढली. ती ओढणी झटकून तिनं आपल्या डोक्यावर घेतली आणि टोक खांद्यावर टाकलं, गणपतीतल्या फोटोत होतं तसं.

तेव्हा मला कळलं, ती टोपी थंडीसाठी नव्हती, ओढणीच्या जागी होती. ऑक्टोबरपासून मी त्या टोपीला हसत होते.

"तो तुझा कोट," मी म्हटलं. "तो कोक सांडला नव्हता ना?"

"बोलू नकोस आत्ता. कान झाक."

गाडीत ती माझ्या शेजारी बसली. शंतनू सारखा आरशातून बघत होता. घरी आल्यावर तिनं माझी रजई आणून माझ्याभोवती गुंडाळली आणि मी ओरडले त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मीच माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, चहा घे.

आज उठून टोपी परत द्यायला गेले. ती आरशासमोर होती, ग्रंथालयात निघालेली. हिरवी ओढणी धुऊन, अर्धवट वाळलेली, डोक्यावर. मी म्हटलं, अगं आज तरी नको, बाहेर कोण कसं असेल.

"टोपी राहू दे तुझ्याकडे," ती पिन लावत म्हणाली. "आणि काकूंना फोन करून सांग, ओढणी मी ठेवून घेतेय."

मी टोपी घातली, बूट घातले आणि तिच्याबरोबर बस स्टॉपपर्यंत गेले.